अर्धी रिंग

४ नोव्हेंबर, मंगळवार

आजही भिंगरीचा फोन लागला नाही. आमची एकुलती एक लेक. लहानपणी एका जागी बसायची नाही म्हणून भिंगरी, ते नाव अजून सुटलेलं नाही. नंबर लावला की अर्धी रिंग वाजते आणि लगेच टुक टुक टुक. फोन बंद आहे असं कोणी सांगत नाही, कव्हरेजच्या बाहेर आहे असंही सांगत नाही. नुसती अर्धी रिंग आणि टुक टुक.

हिला सांगितलं तर भाजी चिरता चिरता मान वर न करता म्हणाली, "कामात असेल." महिना होत आला. एवढं कसलं काम?

टेलिफोन खात्यात लाइनमन म्हणून माझी सगळी नोकरी खांबावर गेली. फॉल्ट उशिरा सापडला असं झालंय, सापडलाच नाही असं कधी झालं नाही. लोक आधी माणसाला दोष देतात. मुलगा विसरला, भावानं तोंड फिरवलं, वगैरे. आणि खांबावरचा जोडणीचा डबा उघडून बघावं तर आत मुंगळ्यांनी घर केलेलं असतं. म्हणून मी कधी कोणावर रुसत नाही. घोडं कुठे पेंड खातंय ते शोधायचं, जोडून द्यायचं आणि खाली उतरायचं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

कोपऱ्यावरच्या मोबाइलच्या दुकानात गेलो. दुकान चालवणारी बाई अंगानं काटकुळी, आणि सिमकार्डाचा खण उघडायची बारीक पिन कायम तिच्या गळ्यात दोऱ्याला लटकलेली. सगळी गल्ली तिला टाचणी म्हणते आणि तिची त्याला हरकत नाही.

"बाकी सगळ्यांना लागतो ना, काका?"

"लागतो."

"फक्त मुलीलाच नाही?"

"फक्त तिलाच."

 तिनं माझ्या फोनची काच उगाचच दोनदा पुसली आणि म्हणाली, "मग नेटवर्कचंच असेल. बघू या आपण."

फोनच्या पोटात एवढं काय काय आहे याची मला कल्पना नव्हती. सेटिंग, त्यात मोबाइल नेटवर्क, त्यात 'आपोआप निवडा' असं एक बटण. ते बंद केलं की फोन आजूबाजूचे सगळे टॉवर हुडकतो आणि कंपन्यांची नावं खाली एक एक उमटतात. त्यातलं आपलं आपण हातानं निवडायचं. मला फार बरं वाटलं. इतके दिवस हा काचेचा तुकडा माझ्या हातात नुसता बसून होता, आज पहिल्यांदा त्याला हात घालता आला.

"हे फोन आपलं आपण करतो हो," टाचणी म्हणाली.

"आपलं आपण होतं ते आपलं आपणच बिघडतं," मी म्हणालो. ती हसली. पैसे घेतले नाहीत.

९ नोव्हेंबर, रविवार

जावईबापू आले होते. फळं आणली, माझ्या गुडघ्याची चौकशी केली. असा अदबशीर माणूस शोधून सापडायचा नाही. ही मात्र स्वयंपाकघरातून बाहेर येईना. भांडी घासत राहिली, घासलेलीच पुन्हा घासत असावी. पाहुण्याशी हे असं वागणं मला आवडलं नाही, आणि तो गेल्यावर तसं बोललोही. हिनं नळ मोठा केला.

भिंगरी उन्हाळ्यात त्याचं घर सोडून दुसऱ्या शहरात गेली. नवं काम, नवी खोली, नवा नंबर. कारण विचारलं तर "पटत नाही" एवढंच. पटत नाही म्हणजे काय? आमचं तरी कुठे पटतं? मागच्या वर्षी ती हात प्लास्टरमध्ये घालून आली होती, बाथरूममध्ये घसरली म्हणाली, तेव्हा यानं स्वतः गाडीतून आणून सोडलं, गोळ्यांच्या वेळा मला समजावून सांगितल्या. तिचा फोनसुद्धा तोच बघायचा. कोणाचे फोन आले, कुठे गेली, सगळं त्याच्या फोनवर दिसायचं. इतकी काळजी घेणारा नवरा.

म्हणून ऑक्टोबरात त्यानं डोळ्यांत पाणी आणून विचारलं तेव्हा मी तिचा नवा नंबर दिला, कामाची जागाही सांगितली. दोन टोकं जोडून दिली की माणसं बोलतातच, हा माझा अनुभव. तो भेटायला गेला, ऑफिसखाली उभा राहिला, तर भिंगरीनं म्हणे चारचौघांत तमाशा केला. आणि नेमका त्याच सुमारास तिकडचा टॉवर बिघडला. वेळ आली की चारी बाजूंनी येते.

आज कळलं, त्याचाही फोन लागत नाही. त्यालाही अर्धीच रिंग. कंपनी वेगळी आणि फॉल्ट एकच, म्हणजे खराबी तिच्या टोकाला. मला उलट धीर आला.

"द्या बाबा, मी बघतो सेटिंग," म्हणून त्यानं माझा फोन हातात घेतला आणि बोटानं वरखाली करू लागला. तेवढ्यात ही ओल्या हातांनी बाहेर आली. "माझ्या बहिणीला फोन करायचाय," म्हणून तिनं त्याच्या हातातून तो काढून घेतला आणि आत नेला. बहिणीला फोन केल्याचं काही ऐकू आलं नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

फजिती. हातानं नेटवर्क निवडताना दुसऱ्याच कंपनीवर बोट पडलं. मी तिचा ग्राहक नाही, ती मला दारात कशाला उभी करील? फोनवर 'फक्त आपत्कालीन कॉल' असं आलं आणि अर्धा दिवस फोन वाजलाच नाही. जावयानं दहादा फोन केला असेल.

ही म्हणाली, "राहू दे ना असाच. किती शांत वाटतंय."

मी म्हणालो, "तुला लेकीची काळजी आहे की नाही?" त्यावर तिनं माझ्याकडे जसं बघितलं, तसं लग्नानंतर एक-दोनदाच बघितलं असेल. मी चष्मा पुसायला घेतला.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

टाचणीनं एपीएन म्हणून एक प्रकार दाखवला. कंपनीच्या दाराचा पत्ता फोनमध्ये आपण टाइप करायचा, एक टिंब चुकलं तरी दार उघडत नाही. मी चष्मा लावून अक्षर अक्षर भरलं. सगळं झाल्यावर ती हळूच म्हणाली, "काका, हे इंटरनेटसाठी असतं. बोलण्याशी याचा संबंध नाही."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही इतकं मन लावून करत होतात."

फोर-जी बंद करून टू-जीवर टाकून बघितलं. सिम काढून, पुसून परत घातलं. अर्धी रिंग. या फोननं नाकी नऊ आणले आहेत.

जेवताना ही सहज बोलून गेली, "भिंगरीला नवं काम झेपतंय आता." मी घास तसाच धरून विचारलं, "तुला कसं कळलं?" म्हणाली, "आईला कळतं." बायकांचं हे शास्त्र मला कधी समजलं नाही. तारेवाचून चालतं.

हिच्या फोनवरून लावून बघावं असं मध्ये एकदा मनात आलं होतं. पण तो बटणांचा जुना डबा, काचेच्या फोनला जमत नाही ते त्याला काय जमणार? ही तो सारखा बरोबर बाळगते, कपडे वाळत घालायला गच्चीवर जातानाही. वर रेंज चांगली येते म्हणे. मी वर जाऊन बघितली. खाली होत्या तेवढ्याच रेघा.

१७ नोव्हेंबर, सोमवार

कस्टमर केअरवाल्यानं फोन बंद करून चालू करायला सांगितलं. मग पुन्हा तेच सांगितलं. उंटावरून शेळ्या हाकणारी मंडळी. शेवटी फोनचं सगळं नेटवर्क पुसून नव्यानं बसवलं, तिसऱ्यांदा. आता या फोनमधलं प्रत्येक बटण मला तोंडपाठ आहे. टाचणीच्या दुकानात कोणी अडलं की ती मला हाक मारते.

पण लेकीचा आवाज नाही. ती बोलायची तेव्हा मी निम्मं ऐकायचो. वीजबिल भरलंस का, दार नीट लावतेस का, नवऱ्याला फोन केलास का, एवढंच विचारायचो. आता ती काहीही बोलली तरी चालेल असं वाटतं.

फॉल्ट या टोकाला सापडत नसेल तर दुसऱ्या टोकाला जाऊन बसायचं, हे खात्यातलं पहिलं शिक्षण. मी जाणार. मध्यंतरी तिनं खोलीही बदलली, असं जावईबापू म्हणत होते. हिला पत्ता विचारला तर ताकास तूर लागू देईना. मग हिच्या बहिणीला फोन केला. ती बिचारी भोळी, बोलता बोलता इमारत, मजला सगळं सांगून बसली.

१९ नोव्हेंबर, बुधवार

देव माणसाच्या रूपानं येतो म्हणतात ते खोटं नाही. जावईबापू म्हणाले, "बसनं कशाला हाल करून घेता, बाबा? शनिवारी मी गाडी काढतो. तुम्ही पुढे झालात तर ती दार उघडेल. मी पायऱ्यांवर थांबतो." पत्ता आत्ताच द्या म्हणत होते. मी म्हटलं, वाटेत सांगेन. थोडा मान आपणही ठेवून घ्यावा.

हिला सांगितलं. हिच्या हातातली ताटली पडली. "जाऊ नका" म्हणाली. का, तर "जाऊ नका". मला संताप आला. आई असून हिला लेकीचा संसार सांधायची इच्छा नाही. मी बॅग भरली. भिंगरीला आवडते म्हणून पिवळ्या लोकरीची शाल घेतली.

पण एक खरं लिहितो. बॅग भरताना आनंद व्हायला हवा होता, तो होत नव्हता. 'ती दार उघडेल' हे वाक्य सारखं कानात येत होतं. वाक्यात वावगं काही नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

क्रमानं लिहितो, नाहीतर लिहिताच येणार नाही.

सकाळी टाचणीकडे गाडीतला चार्जर घ्यायला गेलो. कस्टमर केअरला फोन केल्यापासून प्लॉट विकणारा एक माणूस माझ्या मागे लागलाय, त्याचा तिथंही फोन आला. मी वैतागलो, तर शेजारचं गिऱ्हाईक म्हणालं, "ब्लॉक करून टाका ना." मला तेवढंच माहीत नव्हतं. टाचणीला म्हटलं, दाखव. ती का कोण जाणे चाचरली. म्हणाली, "मी करून देते, काका." मी म्हटलं, हातानं केल्याशिवाय मला कळत नाही. मग तिनं दाखवलं. नंबरावर बोट दाबून धरायचं, 'ब्लॉक करा' म्हणायचं. इतकं सोपं.

घरी येऊन बसलो. काम केलं की दुसऱ्या टोकावरून तपासायचं, ही माझी जन्माची सवय. आता त्या प्लॉटवाल्याला काय ऐकू येत असेल? गंमत म्हणून मी हिचा नंबर ब्लॉक केला, हिचा बटणांचा फोन ओट्यावर होता तो उचलला आणि माझा नंबर लावून कानाला धरला.

अर्धी रिंग. मग टुक टुक टुक.

माझा फोन समोर टेबलावर गप्प पडून होता.

मी ब्लॉक काढला, पुन्हा लावला. पूर्ण रिंग वाजली. पुन्हा ब्लॉक केला. अर्धी रिंग, टुक टुक. फॉल्ट कुठेच नव्हता. सगळं जसं चालायला हवं तसं चालत होतं.

ही दारात उभी होती. किती वेळ उभी होती माहीत नाही.

"कळलं?" म्हणाली.

"तिनं मला ब्लॉक केलंय."

"हो."

"केव्हा?"

"तो तिच्या ऑफिसखाली जाऊन उभा राहिला ना, त्याच संध्याकाळी. तिला लगेच कळलं, नंबर कोणी दिला ते."

"आणि तुझा लागतो?"

"रोज लागतो."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतंत? माझ्या फोनवरून लावला असतात. तिला समजुतीच्या चार गोष्टी सांगितल्या असत्यात. मग तिनं माझाही बंद केला असता." जरा थांबून म्हणाली, "तेवढा एक तरी चालू राहायला हवा होता."

राग आला, खोटं कशाला लिहू. पोटच्या पोरीनं बापाला प्लॉटवाल्याच्या रांगेत बसवलं. मी भरपूर बोललो. ही ऐकत राहिली. माझं बोलून संपल्यावर तिनं एवढंच सांगितलं, "हात बाथरूममध्ये नव्हता मोडला."

मी स्टुलावर बसलो. तेव्हा भिंगरी आठ दिवस इथं होती, याच खोलीत. मी तिला हात कसा मोडला ते जावयासमोर विचारलं होतं. तो गेल्यावर पुन्हा विचारलं नाही.

"पत्ता दिलात त्याला?" हिनं विचारलं.

"नाही. वाटेत देणार होतो."

ही भिंतीला टेकून खाली बसली आणि तोंडाला पदर लावून रडली. मला उठून तिच्याजवळ जाता आलं नाही. नंतर गेलो.

२२ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी खाली गाडीचा हॉर्न वाजला. ही म्हणाली, दार उघडू नका. पण मी बोलावलेल्या माणसाला मीच परत पाठवायला हवं. खाली गेलो. बॅग नेली नाही.

"चला, बाबा. ऊन व्हायच्या आत निघू."

"मी येत नाही."

"का? बरं वाटत नाही का?"

"बरा आहे मी."

तो हसला. "मग तुम्ही आराम करा. पत्ता द्या, मी एकटाच जाऊन येतो."

"देणार नाही."

"परवा तर म्हणालात, मिळालाय."

"मिळालाय. देणार नाही."

त्याचं हसू हळूहळू गेलं नाही, एकदम गेलं. इतक्या वर्षांत हा चेहरा मी पाहिलेला नव्हता. लेकीनं पाहिला असणार. "फोन बघू तुमचा," म्हणाला, आणि मी काही बोलायच्या आत त्यानं माझं मनगट धरलं. आवाज चढवला नाही. बघणाऱ्याला वाटलं असतं, जावई सासऱ्याला आधार देतोय. बोटं मात्र आवळत गेला. "बाबा, तुमच्या मुलीचा संसार तुम्ही मोडताय. विचार करा." असं अगदी अदबीनं म्हणत होता.

माझे गुडघे गेले असतील, पंजा अजून खांबावर चढणाऱ्याचा आहे. फोन सोडला नाही. पण भीती वाटली. दिवसाढवळ्या, आपल्याच दारात, रस्त्यावर माणसं असताना या वयात मला भीती वाटली. भिंगरी तर त्याच्या घरात एकटी होती, आणि दार आतून बंद.

वरून हिनं हाक मारली, "अहो, वर या." शेजारचे दोघं खिडकीतून डोकावले. तसं त्यानं मनगट सोडलं, माझ्या सदऱ्याची बाही नीट केली आणि निघून गेला.

वर येऊन पहिलं काम केलं. त्याच्या नंबरावर बोट दाबून धरलं आणि त्याला बंद केलं. हिनं बहिणीला फोन करून खडसावलं, यापुढे कोणालाही काही सांगायचं नाही, देवानं विचारलं तरी. मग म्हणाली, भिंगरीला सावध करायला हवं, तो स्वस्थ बसणार नाही. मला वाटलं आता गच्चीवर जाईल. गेली नाही. माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली आणि नंबर लावला.

मी एकाच बाजूचं ऐकत होतो.

"अगं, तो आला होता... नाही, नाही गेले. पत्ता नाही दिला... मागितला ना, धरलं त्यानं त्यांना... नाही दिला गं. घरीच आहेत. समोर बसलेत."

मग बराच वेळ ही नुसती हं, हं करत होती. खालच्या वॉचमनला सांगून ठेव, मैत्रिणीकडे राहायला जा थोडे दिवस, तक्रार लिहून दे, मी येऊ का, असं काय काय बोलली. मी माझ्या मनगटाकडे बघत होतो. चार बोटं उमटली आहेत, हे लिहितानाही दिसताहेत. भिंगरीचं मनगट माझ्या निम्मं.

शेवटी हिनं विचारलं, "बाबांशी बोलतेस?"

मी खुर्चीत सरसावून बसलो. हिनं फोन कानाला तसाच धरून माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली.

"अजून नको म्हणतेय."

"बरं," मी म्हणालो.

मला खूप सांगायचं होतं. फोन हातात मिळाला असता तर बहुतेक पुन्हा समजुतीच्याच गोष्टी निघाल्या असत्या, दुसऱ्या प्रकारच्या. म्हणून हात मांडीवर ठेवून बसलो. हिच्या त्या जुन्या फोनचा आवाज मोठा आहे. शब्द कळत नव्हते, पण भिंगरी बोलत होती ते ऐकू येत होतं. ती फोन ठेवेपर्यंत मी ऐकत राहिलो.